सात कोऱ्या काचा

कुमुदने बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्या दाढीच्या आरशासमोर धरला आणि झाकण उघडलं.

"हे लाल काय आहे, सांगा."

माझ्या अर्ध्या गालाला साबण होता. डब्यात पॉलिथिनमध्ये गुंडाळलेल्या चार काचेच्या बश्या होत्या, प्रयोगशाळेत जंतू वाढवायला वापरतात त्या, झाकणाच्या. प्रत्येक बशीत मोहरीएवढे ठिपके उठले होते. डाळिंबी लाल, गोल, चकचकीत.

"तिखट सांडलं असेल," मी म्हणालो.

"डबा बंद होता. माळ्यावर."

"मग गंज."

"काचेला?"

मी उरलेल्या गालाची दाढी पुरी केली. दोन ठिकाणी कापलं. कुमुदने तुरटी आणून दिली, तीही डब्यावरची नजर न काढता.

ही त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यातली गोष्ट. आम्ही दोघं बुलढाणा जिल्ह्यातल्या एकाच महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचो. मी व्याख्याता, ती डेमॉन्स्ट्रेटर. म्हणजे जंतूंविषयी बोलायचं काम माझं आणि जंतू वाढवायचं काम तिचं. लोणारचं खारं तळं आमच्यापासून एसटीने तासाभरावर, आणि त्या तळ्यातल्या मीठप्रिय जंतूंवर मी पीएचडी करत होतो. नऊ वर्षं करत होतो. हे मीठप्रिय म्हणजे असे महाभाग, की ज्यांना समुद्राचं पाणी अळणी लागतं आणि लोणच्याच्या खारात जे सहकुटुंब राहतात. नऊ वर्षांत मी तळ्याच्या पाण्याच्या बासष्ट बाटल्या वाहून आणल्या. त्यातून उगवले ते कुठल्याही डबक्यात भेटणारे जंतू. महाभाग मला एकदाही भेटले नाहीत.

वर्गात मी दरवर्षी सांगायचो, की अठ्ठेचाळीस तासांत जो उगवत नाही तो जंतू नाही, अफवा आहे. मुलं ते वहीत उतरवून घेत. कुमुदनेही ते बऱ्याचदा ऐकलं होतं. तिने फक्त उतरवून घेतलं नव्हतं.

एप्रिलमध्ये ती माझ्याबरोबर तळ्यावर आली. मी बाटल्या भरत होतो तोवर तिने काठावरचा वाळलेला, पांढरा पापुद्रा चमच्याने खरवडून घेतला. मग जंतूंचं खाद्य म्हणून बशीत ओततात त्या घट्ट खळीत पाव हिस्सा मीठ घातलं, धुण्याचा सोडा वेगळा उकळून घातला, आणि बश्या सुकू नयेत म्हणून पॉलिथिनमध्ये बांधल्या. सुट्टीत कॉलेजचं उबवणी यंत्र बंद असतं, म्हणून डबा आमच्या पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवला. तिथे मे महिन्यात यंत्रापेक्षा चांगली ऊब असते.

"पापड घालतेस का?" मी तेव्हा विचारलं होतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी अफवा लाल झाली होती.

मला आनंद झाला नाही असं नाही. झाला. पण दुसऱ्याच्या घरी बारसं असल्यावर होतो तसा झाला.

आमचे विभागप्रमुख बोंद्रे सर सुट्टीतही रोज विभागात येत, कारण घरी त्यांचे सासरे होते. त्यांनी बशी खिडकीपाशी नेली, चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "कुमुदताई, बसा." आणि तिला स्वतःची खुर्ची दिली. त्या खुर्चीवर मी नऊ वर्षांत एकदाच बसलो होतो, तेही सर गावाला गेले असताना.

"केळवदकर," ते माझ्याकडे वळले. "तुमचंही हेच तळं ना?"

"हो सर."

"मग तुम्हाला कसे नाही सापडले?"

"मी पाण्यात बघत होतो, सर."

"आणि यांनी?"

"काठावर."

"काठावर," सर म्हणाले, आणि पुढचे आठ दिवस विभागात जो कोणी येईल त्याला त्यांनी हे सांगितलं. आमचे केळवदकर पाण्यात बघत होते. टपालवाल्यालाही सांगितलं. प्रयोगशाळेचे शिपाई निनाजी माझ्याहून वीस वर्षांनी मोठे आणि मला सर म्हणणारे. त्यांनी माझं सांत्वन केलं. "जाऊ द्या सर. तुमच्या बश्या तरी धुवाले सोप्या असते. काईच नसते त्यात."

रस्त्यात लोक मला थांबवू लागले. "मिसेसचं ऐकलं बरं का." मी त्यासाठी एक चेहरा तयार केला होता. त्यात ओठ हसायचे आणि भुवया नम्र व्हायच्या. तो दिवसभर ठेवला की संध्याकाळी जबडा दुखायचा.

पण खरं दुखणं पुण्याहून आलं. तिथे डॉ. सरंजामे म्हणून एक शास्त्रज्ञ होते. मीठप्रिय जंतू म्हटलं की आमच्या विषयात त्यांचं नाव निघे. मी त्यांना आजवर तीन पत्रं लिहिली होती. पहिल्यात माझं संशोधन, दुसऱ्यात पहिल्याची आठवण, तिसऱ्यात नुसत्याच दिवाळीच्या शुभेच्छा. उत्तर नव्हतं. बोंद्रे सरांनी कुमुदच्या बशीविषयी एक पान लिहिलं, आणि सहाव्या दिवशी सरंजाम्यांचं उत्तर हजर. येत्या गुरुवारी नागपूरला परीक्षेच्या कामाला जाताना ते वाटेत आमच्याकडे उतरणार होते. जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवावेत. दिसले आणि पटले, तर सौ. केळवदकरांना पुण्याला तीन वर्षांची संशोधनाची जागा, पीएचडीसकट. जागा एकच होती आणि महिनाअखेर भरायची होती. आत्ता हुकली तर दुसऱ्या कोणाची.

त्या जागेसाठी मी दोनदा अर्ज केला होता. हे कुमुदला माहीत होतं, म्हणून पत्र वाचून झाल्यावर ती बराच वेळ त्याची घडी घालत बसली.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "तुम्ही जेवणाचं काय कराल?"

"आधी जंतू तर दिसू देत."

"दिसतील की. रंगवणार तुम्ही आहात."

"मी?"

"मग कोण? अख्ख्या विद्यापीठात तुमच्यासारखी स्लाइड कोणाची होत नाही. माझा हात कापतो. आणि ह्या वेळी तर जास्तच कापेल."

ही खुशामत नव्हती. स्लाइड म्हणजे बोटभर लांबीची काच. तिच्यावर जंतूंचा पातळ लेप द्यायचा, ज्योतीवरून नेऊन पक्का करायचा, मग जांभळा रंग, आयोडीन, स्पिरिट, लाल रंग, आणि प्रत्येक पायरीनंतर पाण्याच्या बारीक धारेखाली धुवायचं. हे मी डोळे मिटून करायचो. माझ्या स्लाइड बघायला अकोल्याहून परीक्षक येत. माझ्या नावावर तेवढं एकच होतं, आणि तेही आता तिच्या कामाला लागणार होतं.

सोमवारी सकाळी मी रंगवायला बसलो. कुमुद शेजारच्या खोलीत बाटल्यांना चिठ्ठ्या लावत होती, कारण तिला बघवत नव्हतं. मी लेप दिला, तापवला, रंगवला, धुतला. भिंगाखाली धरला.

काहीच नव्हतं. फिकट गुलाबी डाग आणि मिठाचे चार खडे.

मी दुसरी केली. तिसरी केली. सात केल्या. सातही कोऱ्या. पहिली कोरी निघाली तेव्हा मला वाईट वाटलं. दुसरी निघाली तेव्हा जरा कमी वाटलं. चौथीला मी शीळ घालत होतो, असं निनाजी नंतर म्हणाले.

"सापडले काय सर, जंतू?"

"नाही निनाजी."

"मंग इतके खुश काहून?"

मी शीळ बंद केली, तयार चेहऱ्यातल्या भुवया तेवढ्या घेतल्या आणि कुमुदला बोलावलं. तिने सातही काचा एकेक करून बघितल्या. पाचवी पुन्हा बघितली.

"मग हा लाल कसला?"

"क्षार असेल कसला तरी. लोखंडाचा."

"ठिपके मोठे होत होते हो. मी रोज माळ्यावर चढून बघत होते."

"स्फटिकही मोठे होतात."

आयुष्यात मला वेळेवर सुचलेली उत्तरं दोनच. त्यातलं हे एक. कुमुद रडली असती तर मला समजूत घालता आली असती, आणि मी ती उत्तम घातली असती. तिने फक्त बेसिनपाशी जाऊन हात धुतले, पुसले आणि परत धुतले.

"उद्या सकाळी त्यांना तार करून टाका," ती म्हणाली. "उगाच मोठ्या माणसाला वाटेत उतरवायला नको. आणि बश्या निनाजींना द्या धुवायला."

ती घरी गेली. मी ग्रंथालयात गेलो. त्याचं कारण सांगायला हवं. नुसतं 'जंतू नाहीत' असं कळवण्यापेक्षा 'अमुक नावाचा क्षार आहे' असं कळवलं, तर तार कोणी केली हे सरंजाम्यांच्या लक्षात राहील, असा माझा हिशेब होता. तीन पत्रांनी जमलं नाही ते एका तारेने जमण्यासारखं होतं.

सुट्टीत ग्रंथालय पाचपर्यंत उघडं असे. मागच्या कपाटात खाऱ्या पाण्यातल्या जीवांवर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. मी त्यात क्षार शोधत होतो. पान दोनशे चौदावर मला दुसरंच सापडलं. मीठप्रिय जंतूंच्या पेशी मिठाच्या जोरावरच उभ्या असतात, असं तिथे लिहिलं होतं. त्यांना खाऱ्यातून साध्या पाण्यात आणलं की त्या तत्काळ फुटतात आणि मागे काही उरत नाही. म्हणून रंगवण्याआधी त्यांना ॲसिटिक आम्लाने पक्कं करून घ्यावं, नुसतं तापवून पाण्याने धुऊ नये.

मी ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना पानाचा कोपरा कधी दुमडला ते कळलं नाही.

म्हणजे मी त्या सकाळी सात वेळा, विद्यापीठातल्या सर्वांत सफाईदार हाताने, कुमुदचे जंतू धुऊन काढले होते.

इथपर्यंत चूक होती. चूक कोणाचीही होते, आणि ही तर आमच्या धंद्यातल्या कोणाचीही झाली असती. ज्याला रंगवायला शिकवतात त्याला धुवायला शिकवतातच. मी त्याच पावली घरी जाऊन सांगितलं असतं तर ही गोष्ट लिहावी लागली नसती.

मी पुस्तक मिटलं आणि कपाटात परत ठेवायला गेलो. ठेवता ठेवता वाटलं, कोणी वाचलं तर? त्या कपाटाकडे फिरकणारं कोणी नव्हतं, पण त्या पंधरवड्यात काहीही घडत होतं. म्हणून मी ते माझ्या नावावर घेतलं. ग्रंथपालांनी जांभई देत शिक्का मारला. पुस्तक मी विभागातल्या माझ्या ड्रॉवरमध्ये, जुन्या उत्तरपत्रिकांखाली ठेवलं आणि कुलूप लावलं.

संध्याकाळी कुमुद जेवली नाही. ताट घेऊन समोर बसली आणि मला वाढत राहिली. एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या तोंडात तयार होतं, आणि त्याच्या मागोमाग पुण्याची ती खोली दिसत होती. त्या खोलीत टेबलापाशी कुमुद बसलेली. दारावर तिच्या नावाची पाटी, नावाआधी डॉक्टर. आणि मी तिला भेटायला डबा घेऊन गेलेला. चपराशी विचारतोय, आपण कोण?

"आमटी वाढू?" कुमुदने विचारलं.

"वाढ," मी म्हणालो.

मंगळवारी सकाळी पोस्टात सावजी होते. तार स्वीकारणारे, पाठवणारे आणि गावाला सांगणारे तेच. त्यांनी माझा कागद मोठ्याने वाचला.

"जंतू नाहीत. लाल रंग क्षाराचा. येऊ नये. केळवदकर." त्यांनी मान वर केली. "म्हणजे वहिनींचं फसलं म्हणा."

"हो ना."

"वाईट झालं. साधी पाठवू का अर्जंट?"

साधीसुद्धा बुधवारपर्यंत पोचली असती.

"अर्जंट," मी म्हणालो.

सावजींची बोटं खटखट करू लागली. तो आवाज थांबेपर्यंत मी उभा राहिलो. मग हॉटेलात कटिंग घेतला, वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचलं, आणि दुपारी बश्या धुवायला सांगण्यासाठी कॉलेजात गेलो.

प्रयोगशाळेत कुमुद सूक्ष्मदर्शकावर वाकलेली होती. निनाजी दाराशी रिकामी बादली घेऊन उभे.

"मॅडमनं थांब म्हनलं," ते मला म्हणाले. "तवापासून अशाच हायेत."

"या," कुमुद डोळा न काढता म्हणाली. "हळू या, टेबल हलवू नका."

"काय करतेस?"

"धुवायच्या आधी एकदा भेटून घ्यावं म्हटलं त्यांना. रंगबिंग काही नाही. तळ्याच्याच खाऱ्या पाण्याचा थेंब घेतला, त्यात टाचणीच्या टोकावर येईल एवढं लाल, वर पातळ काच. आणि उजेड कमी केला. बघा."

मी बघितलं.

काड्याच काड्या होत्या. बारीक, फिकट, काही सरळ, काही जरा वाकलेल्या, आणि त्यातल्या कितीतरी हलत होत्या. दुपारची झोप काढून उठलेल्या माणसांसारख्या, कुठे जायचं ते न ठरवता. नऊ वर्षं मी ज्यांच्यासाठी बाटल्या वाहिल्या ते हे. माझ्या जन्मात मी इतकं देखणं काही पाहिलं नव्हतं, आणि मला त्यांचाही राग आला. बासष्ट बाटल्यांत त्यांनी मला एकदाही ओळख दिली नव्हती.

"दिसले?" कुमुदने विचारलं.

"दिसले."

"साध्या पाण्याने फुटत असतील हो. इतक्या मिठातून एकदम गोड्या पाण्यात. काय होणार बिचाऱ्यांचं?" तिचा चेहरा सकाळच्या उन्हासारखा झाला होता. "आपल्याला तरी कसं कळावं? आपण कधी असले पाहिलेच नव्हते."

ती 'आपल्याला' म्हणाली. तुम्हाला म्हणाली असती तर मला भांडता आलं असतं.

मग तिचा हात तोंडाशी गेला. "अहो, तार केलीत?"

"नाही," मी म्हणालो. "लाइन बंद होती."

"देव पावला," कुमुद म्हणाली.

मी पोस्टात पळत गेलो. मे महिन्यात, दुपारी अडीच वाजता, व्याख्याता माणूस पळताना आमच्या गावाने आधी पाहिला नव्हता.

सावजींनी नवा कागद वाचला. "जंतू आहेत. अवश्य यावे." त्यांनी तो उलटून मागे काही आहे का तेही पाहिलं. "सकाळी नव्हते, सर."

"सकाळी नव्हते."

"दुपारी आले."

"हो."

"उन्हाचे आले असतील," सावजी म्हणाले. "अर्जंट?"

"त्याहून अर्जंट काही असेल तर ते."

बुधवारी सकाळी सरंजाम्यांची तार आली आणि नेमकी कुमुदच्या हातात पडली. 'असोत वा नसोत, येत आहे.'

"असोत वा नसोत म्हणजे?" तिने विचारलं.

"मोठी माणसं असंच लिहितात," मी म्हणालो.

ती हसली. तिला तेव्हा सगळ्याच गोष्टींचं हसू येत होतं. त्या हसण्याने मला उदार व्हावंसं वाटलं. सरंजामे येणार होते, जंतू जिवंत होते, माझी पहिली तार वाया गेली होती. आता उरला होता तो फक्त स्लाइड नीट रंगवण्याचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होतं. मी ते काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"पान दोनशे चौदा. ॲसिटिक आम्लाने आधी पक्के करायचे. इथे रीत दिली आहे."

"कुठे मिळालं हे?"

"शोधलं," मी म्हणालो.

आम्ही दोघांनी मिळून स्लाइड केल्या. तिने आम्ल मोजून दिलं, मी लेप दिले. पहिलीच अशी उतरली, की काड्या अन् काड्या मोजून घ्याव्या. निनाजींनाही दाखवली. "लहान हायेत, पन हायेत," ते म्हणाले आणि बादली घेऊन गेले. मी हात धुवायला गेलो. परत आलो तेव्हा कुमुद पुस्तक चाळत होती. दोनशे चौदा पान नव्हे, शेवटचं पान. ज्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते ते.

"हे सोमवारी आणलंत," ती म्हणाली.

"सोमवारी? हो. आणून ठेवलं होतं. वाचलं नव्हतं."

"पान दुमडलंय."

"लायब्ररीचं पुस्तक. कोणीही दुमडतं."

तिने चिठ्ठी माझ्याकडे फिरवली. कॉलेजने चौदा वर्षांपूर्वी विकत घेतलेल्या त्या पुस्तकाच्या चिठ्ठीवर एकच शिक्का होता. सोमवारचा.

कुमुदने पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवलं.

"तार?"

"गेली होती," मी म्हणालो. "दुपारी दुसरी केली."

"पहिली कधी?"

"मंगळवारी सकाळी."

"म्हणजे वाचल्यावर."

"हो."

"साधी?"

मी खोटं बोलू शकलो असतो. पण सावजी त्याच गावात राहत होते.

"अर्जंट," मी म्हणालो.

कुमुदने मान हलवली. बेरीज जुळल्यावर हलवतात तशी. मग तिने पर्समधून दोन टाइप केलेली पानं काढली. सरंजाम्यांना द्यायचं टिपण होतं ते. लोणारच्या काठावरचे लाल मीठप्रिय जंतू, कुठे मिळाले, कसे वाढवले, किती दिवस लागले. कॉलेजच्या क्लार्कने सुट्टीवर जाण्याआधी, आठवड्यापूर्वी टाइप करून दिलं होतं. मथळ्याखाली संशोधकांची नावं होती. दोन होती. पहिलं माझं.

मी ते पुन्हा वाचलं. पहिलं माझंच होतं.

"माझं नाव कशाला?"

"नऊ वर्षं बाटल्या कोणी वाहिल्या?" ती म्हणाली. "त्या खड्ड्यात उतरायची वाट मला कोणी दाखवली? म्हटलं, पीएचडी दोघांनाही देतील. एकाला पुण्यात आणि एकाला इथे बसून." ती हे रागाने म्हणत नव्हती. एखाद्या वस्तूची किंमत सांगावी तसं म्हणत होती. "फूटपट्टी आहे का तुमच्याकडे?"

माझ्याकडे होती. मी दिली.

तिने ती माझ्या नावाखाली नीट टेकवली, मग जरा वर सरकवली आणि पेनाने एक रेघ मारली. तिचा हात अजिबात कापला नाही.

ती रेघ मारून झाल्यावर मला काय वाटलं, ते लोक मला विचारत नाहीत, कारण कोणाला हे माहीतच नाही. सरंजामे गुरुवारी आले, माझ्या स्लाइड बघून 'हात कोणाचा?' म्हणाले आणि कुमुदने लगेच माझ्याकडे बोट दाखवलं. जूनमध्ये ती पुण्याला गेली. तीन वर्षांची पाच झाली. मी सुट्टीत डबा घेऊन जायचो, आणि तिथल्या चपराशाने मला एकदाही 'आपण कोण' असं विचारलं नाही. त्याला कुमुदने आधीच सांगून ठेवलेलं असे. आजही कोणी तिच्या कामाचं कौतुक केलं की माझे ओठ हसतात आणि भुवया नम्र होतात. जबडा आता दुखत नाही, सवय झाली आहे.

पण त्या बुधवारी एवढंच झालं, की कुमुदने ते पान हातभर लांब धरलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"खाडाखोड बरी दिसत नाही," ती म्हणाली. "मोठ्या माणसाच्या हातात द्यायचंय. क्लार्क तर सुट्टीवर. तुम्हाला टायपिंग येतं ना?"

"येतं."

मी ऑफिसातल्या यंत्रावर नवा कागद चढवला. मथळा टाइप केला. खाली तिचं नाव टाइप केलं. मथळा आणि नाव यांच्यामध्ये एक ओळ रिकामी राहत होती, तिथे काय करावं ते मला क्षणभर सुचेना. मग मी दुसरा कागद चढवला, तिचं नाव एक ओळ वर घेतलं आणि बाकीचा मजकूर त्यामागून. दोन्ही पानं झाली. कुमुदने खिडकीच्या उजेडात वाचली, एक स्वल्पविराम राहिला होता तो दाखवला, मी तो घातला.

"छान झालंय," ती म्हणाली. "इथे आधी काही होतं असं वाटतच नाही."